हँग होणारा काँप्युटर आणि माझी एक जाहीर दुरुस्ती

मंडळी, दसऱ्यापासून इकडे काही लिहिलं नव्हतं. दोघातिघांनी फोन करून विचारलंही, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत ठणठणीत आहे. आजारी होता तो काँप्युटर, आणि तोही अगदी नवा कोरा.

हे सगळं इतक्या तपशिलात लिहायचं कारण शेवटी सांगते. घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती. भाऊबीजेच्या जेवणाला जे जे पानावर होते त्यांनी तर नक्कीच.

माझा जुना काँप्युटर २०११ सालचा. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी घेतलेला. या ब्लॉगवरचं जवळजवळ सगळं लिखाण त्याच्यावरच झालं. चौदा वर्षांत त्याने एकदाही दगा दिला नाही. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार आणि विंडोज ११ काही या जुन्या यंत्रावर बसणार नाही, असं नातवाने समजावून सांगितलं. नातू म्हणजे लेकीचा मुलगा. पुण्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आजी, आयता घेऊ नकोस, मी तुला असेंबल करून देतो," म्हणाला. मला कोण आनंद!

त्याने सामानाची यादी करून पाठवली. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, पाचशे बारा जीबीची एसएसडी, कॅबिनेट आणि एसएमपीएस. यादीचं प्रिंट काढून मी लाल पेन घेऊन बसले. (सवय जात नाही!) एसएमपीएस म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. भिंतीतली वीज घेऊन काँप्युटरच्या आतल्या भागांना पचेल अशी करून देणारा तो पेटीसारखा भाग. आमच्या जुन्या काँप्युटरमध्ये तो होताच की! चांगल्या कंपनीचा, साडेचारशे वॅटचा, कधी कुरकुर नाही. चालती वस्तू टाकून द्यायची आमच्या घराला सवय नाही. मी ती ओळ लाल शाईने खोडली. अडीच-तीन हजार वाचले. नातू म्हणाला, "आजी, हा नवा घेतलेला बरा." मी म्हटलं, "नवा म्हणजे चांगलाच असं कुणी सांगितलं?" तो गप्प बसला.

दसऱ्याच्या मुहूर्तावर, २ ऑक्टोबरला, काँप्युटर सुरू झाला. हळदकुंकू वाहून मी त्याची पूजा केली. वेग तर असा की बटण दाबून चष्मा पुसेपर्यंत सगळं तयार!

चारच तारखेला तो पहिल्यांदा हँग झाला.

हँग म्हणजे कसा, तर पडदा जसाच्या तसा. घड्याळ ११ वाजून २२ मिनिटांवर थांबलेलं. माऊस हलेना, की चालेना. ना निळा पडदा, ना एखादा संदेश. फोनवरून नातवाने सांगितलं, "आजी, कॅप्स लॉक दाबून बघ, दिवा लागतो का." दिवा लागला नाही. म्हणजे नुसता पडदा अडकलेला नाही, आतलं सगळंच थांबलंय, हे त्यावरून कळतं म्हणे. शेवटी बटण दाबून धरायचं आणि बंद करायचा.

मी सध्या सासूबाईंच्या आणि आमच्या जुन्या आळीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करते आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. सांगणाऱ्या बायका आता कुणीच नाहीत आणि वह्यांचे कागद तुटायला लागलेत. चहा ठेवायला उठले आणि सेव्ह करायचं राहिलं, तर परत आल्यावर पान-दीड पान गेलेलं. वही आहे म्हणून ओव्या वाचल्या, पण पंच्याहत्तरीच्या डोळ्यांनी तीच पेन्सिलीची अक्षरं पुन्हा लावायची म्हणजे काय ते लावणाऱ्यालाच कळतं.

मग सुरू झाले उपचार. आपल्याकडे ताप आला की शेजारपाजारचे सगळे डॉक्टर होतात, तसंच झालं. दुकानातला मुलगा म्हणाला, "बाई, फॉरमॅट मारा." मारला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हँग. समोरचे वकीलसाहेब म्हणाले, "अर्थिंग बघा, जुन्या घरात अर्थिंगच नसतं." वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब मोजला. तो दोन व्होल्टच्या आसपास भरला, म्हणजे ठीक. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीत प्लग लावून पाहिला. हँग. पुतण्या म्हणाला, "काकू, व्हायरस." नव्या यंत्रात, फॉरमॅट मारल्यावर, व्हायरस कुठून येणार?

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचं एक दप्तर असतं. तिथे प्रत्येक वेळी एकच लाल नोंद : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. मला वाटलं, सापडला चोर! पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते ती सांगत नाही. शाळेच्या हजेरीत 'गै' लिहिलेला असतो, तसं. पोरगं आजारी होतं, शेतावर गेलं होतं की चपला नव्हत्या म्हणून आलं नाही, ते हजेरी सांगत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला. चार दिवस फराळ सोडून काँप्युटर उघडून बसला होता. सगळ्या वायरी काढून परत बसवल्या. प्रोसेसरवरचा पंखा काढून पेस्ट नव्याने लावली. मेमटेस्ट नावाच्या प्रोग्रॅमने रात्रभर रॅम तपासली. चार फेऱ्या झाल्या, चूक एकही नाही. तरीही एक रॅम काढून एकीवर चालवला, मग दुसरीवर. दोन्हींवर हँग. बायॉस अपडेट केलं. मग म्हणाला, एसएमपीएस कमी पडत असेल तर भार टाकल्यावर कळेल. एक तास प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपून ठेवला. तापमान ७४ अंशांपर्यंत गेलं, पंखा घोंघावला, पण यंत्र काही थांबलं नाही. "एसएमपीएस ठीक दिसतोय," त्यानेच निर्वाळा दिला.

भाऊबीजेला आमच्याकडे सोळा पानं होती. जेवणाआधी कुणीतरी म्हणालं, जुने फोटो दाखवा. फोटो लावले, सगळे जमेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि पडदा जागच्या जागी थिजला. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "याला कुठलंच काम धड पुरं करता येत नाही. व्हिडिओ बघून काय काँप्युटर जोडता येतो? घाईघाईत काहीतरी सैल सोडलंय याने." आणि एवढ्यावर थांबले नाही. अकरावीत त्याने तबला सोडला होता, तेही काढलं. धरसोड वृत्ती वगैरे.

तो काही उलट बोलला नाही. निघताना पाया पडला आणि हळूच म्हणाला, "आजी, नक्की काय बिघडलंय ते अजून कुणालाच माहीत नाही. पण चूक माझी, हे तू आधीच ठरवलंयस."

दोन-तीन रात्री ते वाक्य काही केल्या जाईना. कारण हे मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

१९८३ सालची गोष्ट. माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी. पण धडा वाचता वाचता मध्येच थांबायची. पुस्तक हातात, नजर कुठेतरी लागलेली, पापण्या किंचित फडफडताहेत. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा वाचायला लागायची, जणू काही घडलंच नाही. शुद्धलेखन घालताना मधले दोन शब्द सुटायचे. वर्ग हसायचा. मला वाटायचं, मुद्दाम करते, लक्ष नाही, घरी लाडावलेली आहे. ओरडून झालं, बाकावर उभं करून झालं, एकदा हातावर पट्टीही मारली. "लक्ष कुठे होतं?" विचारलं की ती म्हणायची, "इथेच होतं, बाई." मला तो उद्धटपणा वाटायचा.

सहामाहीनंतर तिची आई आली. साधी बाई, फार शिकलेली नव्हती. हातात दुधाच्या हिशेबाची वही. त्या वहीच्या मागच्या पानांवर तिने तारखा लिहिल्या होत्या. पोरगी कधी थांबली, तेव्हा काय करत होती, किती अंक मोजेपर्यंत थांबली. ती वही घेऊन ती मुलीला पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी कागदाची एक पट्टी मुलीच्या तोंडासमोर धरून दोन-तीन मिनिटं जोरजोरात फुंकर मारायला लावली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती थांबली. मग मेंदूचा आलेख काढला. सेकंदाला तीन या ठरावीक लयीत उठणाऱ्या लाटा दिसल्या. अपस्माराचाच तो एक प्रकार. झटका नाही, पडणं नाही, फेस नाही. नुसतं काही सेकंद थांबणं. त्या मुलाला स्वतःला ते कळतही नाही. म्हणून तर वर्गात या मुलांना बेलक्ष समजलं जातं, हे डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं. औषधाने ते आटोक्यात येतं आणि पुष्कळ मुलांचं मोठेपणी थांबतंही.

आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तिचीच चूक असं तुम्ही आधीच धरून चाललात. एकदा विचारायचं होतं मला."

मी आईजवळ चूक कबूल केली. मुलीजवळ केली नाही. वर्गासमोर शिक्षा केली होती, पण वर्गासमोर तिला जवळ घेऊन "चुकलं माझं" म्हणायला जीभ रेटली नाही. बाईंचा मान जाईल असं वाटलं असावं. पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली झाली आणि ती गेली. आता पन्नाशी ओलांडली असेल तिने.

असो. तर भाऊबीजेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला ती दुधाची वही आठवली. मी एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले. तारीख, वेळ, काँप्युटरवर काय चालू होतं, आणि मी काय करत होते. २७ ऑक्टोबर ते १६ नोव्हेंबर, तीन आठवडे. एकूण १७ वेळा हँग झाला.

सोळा तारखेला रात्री वही उघडून वाचायला बसले. शेवटचा रकाना असा होता : चहा ठेवत होते. दारात कुरियरवाला. फोनवर ताई. वहीतली ओवी लावत होते. पोळ्या. चष्मा शोधत होते. पुन्हा फोन. दुपारची डुलकी. सतरापैकी एकदाही 'टाइप करत होते' नव्हतं. एकदाही नाही! मी कामाला बसले की यंत्र गुण्यागोविंदाने चालायचं. मी उठले, थांबले, विचार करत बसले, की पाच-दहा मिनिटांत ते थिजायचं.

सगळे म्हणत होते, कधीही होतं, नेम नाही. नेम होता. काम नसलं की हँग व्हायचं!

(निवृत्त माणसांनी यावर हसून घ्यावं. मीही हसले.)

पानाचा फोटो काढून नातवाला पाठवला. पंधरा दिवस आमचं बोलणं नव्हतं. पाच मिनिटांत त्याचा फोन. "आजी, उद्यापासून रेडिओ चालू ठेव. काहीतरी सतत वाजत राहू दे." दोन दिवस काँप्युटरवर गाणी लावून ठेवली. एकदाही हँग नाही. शनिवारी, २२ तारखेला, तो पहिल्या एसटीने साताऱ्यात हजर.

त्याने मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. हल्लीचे प्रोसेसर फार काटकसरी. आपण दोन अक्षरं टाइप करतो, त्यांच्यामधल्या क्षणभरातही ते डुलकी काढतात. काही वेळ कामच आलं नाही तर आतले भाग जवळपास पूर्ण बंद करून गाढ झोपतात. त्या अवस्थेला सी-६ म्हणतात. तेव्हा त्यांना लागणारी वीज इतकी कमी होते, की जुन्या एसएमपीएसना एवढ्या थोडक्या मागणीवर दाब स्थिर ठेवता येत नाही. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. पूर्वीचे एसएमपीएस बारा व्होल्टच्या वाटेवर किमान अर्धा अँपियर तरी खेचला जाईल असं धरून बनवलेले, आणि हे नवे प्रोसेसर झोपेत त्याच्या दहाव्या हिश्शावर, ०.०५ अँपियरवर येणारे. रायझनच्या बाबतीतही असं थिजणं पुष्कळांनी अनुभवलंय, आणि म्हणून बायॉसमध्ये त्यासाठी एक सोय ठेवलेली आहे : 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'. ती 'ऑटो'वरून 'टिपिकल करंट आयडल'वर आणली की प्रोसेसर झोपेतही थोडी जास्त वीज घेत राहतो.

आणि आमचा एसएमपीएस २०११ चा.

भार टाकून घेतलेल्या परीक्षेत तो पास झाला त्याचं कारणही हेच. त्याला भार जड नव्हताच, भार नसणं जड होतं. आम्ही पेपरच चुकीचा काढला होता.

नातवाने फक्त तेवढी एक सोय बदलली, दुसरं काही नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही," म्हणाला. आठवडाभर एकदाही हँग नाही. पुढच्या शनिवारी सकाळी मुद्दाम सोय पुन्हा 'ऑटो'वर नेली, आणि आम्ही दोघं काही न करता समोर बसून राहिलो. दीड तासाने घड्याळ थांबलं. इतका आनंद मला काँप्युटर हँग झाल्याचा कधीच झाला नव्हता. मग दुकानातून नवा एसएमपीएस आणला. सोय 'ऑटो'वरच ठेवली. गाणी बंद. १४ डिसेंबरपर्यंत वही चालू ठेवली, सगळे रकाने कोरे. मग वही मिटली.

काम झाल्यावर मी कपाटातून ती यादी काढली. लाल रेघ तशीच होती, सहाव्या ओळीवर. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "जाऊ दे गं आजी, मीही भार टाकून बघितलं आणि ठीक आहे म्हणालो की." मी म्हटलं, "तू तपासून चुकलास. मी न तपासता बोलले." त्याच्याजवळ माफी मागितली. तो कावराबावरा झाला आणि चहा करायला आत गेला.

पण बोलले होते ते सोळा जणांसमोर. तेव्हा हे लिखाण त्या सोळांसाठी. काँप्युटर त्याने उत्तम जोडला होता, एकही स्क्रू सैल नव्हता. चूक माझ्या लाल पेनाची होती. आणि ज्याला मी धरसोड म्हटलं त्याने चार दिवसांची दिवाळी आणि दोन शनिवार माझ्या ओव्यांपायी घालवले. पुढच्या भाऊबीजेला हे तोंडीही सांगणार आहे, पण तोवर थांबायला नको असं वाटलं. एकदा थांबले होते, ती संधी परत आली नाही.

ती मुलगी हे वाचेल असं वाटत नाही. वाचलंच तर, बाळ, तुझं लक्ष इथेच होतं. माझं नव्हतं.

जुना एसएमपीएस टाकलेला नाही. माळ्यावर ठेवलाय. नातवाने त्यावर चिठ्ठी डकवलीय : "चांगला आहे, फक्त रिकामा ठेवू नये."

ओव्यांची दोनशे दहा पानं झाली आहेत. आणि हो, चहाला उठताना मी आता सेव्ह करूनच उठते.